तुकडा वाचणारे यंत्र



गेल्या महिन्यात एका रविवारी विहारात वंदना आटोपल्यावर नेहमीप्रमाणे चहा झाला आणि चहाबरोबर वादही झाला. बारावीला असलेल्या एका मुलाने मोबाइलवर काहीतरी वाचले होते. तो मोठ्या उत्साहाने म्हणाला, "काका, आता कॅन्सर ओळखायला डॉक्टर लागणार नाही. कॉम्प्युटर नुसता फोटो बघून सांगतो!" दोघा-तिघांनी त्याला वेड्यात काढले. कोपऱ्यात आमच्या वस्तीतल्या एक वहिनी बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "कुठं असतो रं तुझा तो कॉम्प्युटर? मला पाच आठवडे कुणी काय सांगितलं नव्हतं."

सगळे गप्प झाले. कारण वहिनींची हकिगत वस्तीत सगळ्यांना ठाऊक आहे.

वाचकांसाठी ती थोडक्यात सांगतो. वहिनींच्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन झाले. त्यावेळी काखेतल्या काही गाठीही काढून तपासायला पाठवल्या. रिपोर्टसाठी पाच आठवडे खेटे घातले. "उद्या या", "मॅडम रजेवर आहेत", "सोमवारी बघा" हे सर्व आम्हीही त्यांच्याबरोबर ऐकले. अखेर रिपोर्ट आला. काखेतल्या गाठी स्वच्छ आहेत, असे त्यात लिहिले होते. घरात आनंद झाला. पण एका जाणत्या परिचारिका भगिनीने सल्ला दिला की काचा आणि मेणाचे ठोकळे घेऊन दुसरीकडे एकदा वाचून घ्या. त्याप्रमाणे केले. दुसऱ्या ठिकाणी त्याच काचांपैकी एकीवर, एका गाठीच्या कडेला, कॅन्सरच्या पेशींचा जेमतेम एक मिलिमीटरचा पुंजका सापडला. उपचार बदलले. आज वहिनी हिंडत्या-फिरत्या आहेत, रविवारी चहाही त्याच करतात.

कोणाला दोष द्यावा हा आजचा विषय नाही. पण आम्हाला एक गोष्ट छळत राहिली. काच तीच, तुकडा तोच, रंग तोच. मग एकाला दिसले नाही ते दुसऱ्याला दिसले कसे? आणि त्या मुलाच्या यंत्राला ते दिसले असते काय? आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. डॉक्टरकी आम्हाला येत नाही. पण आकडे वाचता येतात आणि विचारायला लाज वाटत नाही. एवढ्या भांडवलावर जे समजले ते या सदरात मांडतो.

आधी तुकड्याचे काय होते ते पाहू, कारण आपल्यापैकी अनेकांना वाटते की तुकडा सरळ मायक्रोस्कोपखाली ठेवतात. तसे नाही. तो आधी फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, म्हणजे सडत नाही. मग त्यातले पाणी काढून त्या जागी वितळलेले मेण भरतात आणि मेणाचा छोटा ठोकळा करतात. हाच तो 'ब्लॉक'. त्या ठोकळ्याचे यंत्रावर पापुद्रे काढतात. पापुद्रा साधारण ४ मायक्रॉन जाडीचा असतो. १ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. असा पापुद्रा काचेवर पसरून दोन रंग देतात. एक हिमॅटॉक्सिलिन, जे मुळात मेक्सिको-मध्य अमेरिकेकडच्या एका झाडाच्या लाकडातून काढत आले आहेत. त्याने पेशीचे केंद्र निळे-जांभळे होते. दुसरा इओसिन, त्याने बाकीचा भाग गुलाबी होतो. या निळ्या-गुलाबी गर्दीत पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर कॅन्सर शोधतात. पेशीकेंद्र फुगले आहे का, वेडेवाकडे झाले आहे का, पेशी रांग सोडून भलतीकडे घुसल्या आहेत का, हे सर्व डोळ्यांनी आणि अनुभवाने ठरवायचे.

आता कॉम्प्युटरला हे द्यायचे तर त्या काचेचा फोटो हवा. फोटो म्हणजे मोबाइलचा नव्हे. त्यासाठी खास स्कॅनर असतो. तो काचेच्या पाव-पाव मायक्रॉनचा एकेक ठिपका टिपतो. हिशेब करून पाहा. तुकडा २ सेंटिमीटर लांब आणि दीड सेंटिमीटर रुंद धरला, तर लांबीत ८० हजार आणि रुंदीत ६० हजार ठिपके होतात. गुणाकार ४८० कोटी! एका काचेचे एवढे ठिपके. कोणतेही यंत्र हे एका घासात गिळू शकत नाही. म्हणून त्याचे बारीक चौकोन पाडतात. २५६ ठिपक्यांचा एक चौकोन धरला तर या एका काचेचे सुमारे ७३ हजार चौकोन होतात. कोरी काच आधी बाजूला काढतात, उरलेले चौकोन एकेक करून यंत्र पाहते.

'डीप लर्निंग' हा शब्द त्या मुलाने तीनदा उच्चारला. त्याचा अर्थ आम्ही आमच्या कचेरीच्या भाषेत लावला. समजा, एकामागे एक वह्यांची रांग आहे. पहिल्या वहीत फक्त रंग आणि कडा नोंदतात. दुसरी वही पहिलीवरून पाहते की कडा जुळून गोल होतो का. तिसरी पाहते की असे गोल किती, किती दाट, किती वेडेवाकडे. असे करत शेवटच्या वहीत एकच आकडा पडतो, ० ते १ मधला. १ च्या जवळ म्हणजे कॅन्सरचा संशय जास्त. एका वहीतून दुसरीत नोंद नेताना कोणत्या नोंदीला किती वजन द्यायचे, ते आकडे सुरुवातीला अंदाजपंचे धागोदरसे असतात. म्हणून उत्तर चुकते. मग खरे उत्तर दाखवायचे, फरक काढायचा आणि शेवटच्या वहीपासून मागे मागे येत प्रत्येक वजन किंचित दुरुस्त करायचे. ज्यांनी कधी ट्रायल बॅलन्स न जुळल्यामुळे रात्री खतावणी चाळली आहे त्यांना हे लगेच कळेल. फरक एवढाच की यंत्र हे लाखो वेळा करते आणि त्याला शेवटची लोकल गाठायची नसते.

वह्या खूप, म्हणून 'डीप'. ज्या एका यंत्रणेबद्दल पुढे सांगणार आहोत तिच्यात २७ थर होते आणि ६० लाखांहून अधिक वजने होती. ही मुळात कॅन्सरसाठी रचलीच नव्हती. कुत्रा, मांजर, मोटार असे साधे फोटो ओळखण्याची जी स्पर्धा होती, ती जिंकण्यासाठी २०१४ साली गूगलच्या संशोधकांनी केलेली रचना होती.

आता मुद्द्याची गोष्ट. वहिनींच्या बाबतीत जे घडले, नेमक्या त्याच प्रश्नावर नेदरलँड्समध्ये एक परीक्षा घेण्यात आली. तिचे नाव कॅमेलिऑन १६. नायमेगेन आणि उट्रेख्ट येथील दोन विद्यापीठ-रुग्णालयांतून ३९९ काचा घेण्यात आल्या. सर्व स्तनाच्या कॅन्सरच्या स्त्रियांच्या काखेतील गाठींच्या. त्यातही अशा गाठी, जिथे कॅन्सर पसरला तर सर्वांत आधी पोहोचतो. यांपैकी २७० काचा अभ्यासाला दिल्या. त्यातल्या ११० वर कॅन्सर होता आणि त्याच्या सीमा माणसांनी हाताने आखून दिल्या होत्या. बाकीच्या १२९ काचा परीक्षेसाठी राखून ठेवल्या. जगभरातून २३ संघ उतरले, ३२ यंत्रणा आल्या. त्याच १२९ काचा ११ पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांनाही दिल्या. रुग्णालयातल्या रोजच्या घाईसारखी परिस्थिती असावी म्हणून साधारण २ तासांची मुदत घातली. आणखी एका डॉक्टरला मात्र मुदत नाही. हवा तेवढा वेळ घ्या, असे सांगितले. निकाल डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

गुण कसे मोजले ते समजून घ्या. आजाराची एक काच आणि बिनआजाराची एक काच चिठ्ठी टाकून उचलली, तर आजाराच्या काचेला जास्त संशय किती वेळा दिला जातो, हा तो मोजमापाचा आकडा. सर्वांत उत्तम यंत्रणेला ०.९९४ मिळाले, म्हणजे हजारांत ९९४ वेळा बरोबर. मुदतीत बसलेल्या ११ डॉक्टरांची सरासरी ०.८१० आली. ज्या काचांवर वहिनींसारखा अगदी छोटा, २ मिलिमीटरपेक्षाही लहान पुंजका होता, त्यांतल्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक काचा तर त्या अकरांतल्या सर्वांत चांगल्या डॉक्टरच्या नजरेतूनही सुटल्या.

इथे त्या मुलाचा मोबाइल थांबला होता. 'यंत्राने डॉक्टरांना हरवले' एवढेच त्याने वाचले. पण ज्या डॉक्टरला वेळेचे बंधन नव्हते त्याचे काय झाले? त्याला ०.९६६ मिळाले. पहिल्या पाच यंत्रणांची सरासरी ०.९६०. म्हणजे वेळ मिळालेला माणूस यंत्राच्या मांडीला मांडी लावून बसला! त्या डॉक्टरने किती वेळ घेतला? सुमारे ३० तास. आता आमच्या कारकुनी सवयीप्रमाणे भागाकार केला. २ तासांत १२९ काचा म्हणजे एका काचेला ५६ सेकंद. ३० तासांत १२९ म्हणजे एका काचेला १४ मिनिटे.

५६ सेकंद आणि १४ मिनिटे. हे दोन आकडे आम्ही डायरीत लिहून ठेवले आहेत. वहिनींची काच पहिल्यांदा ज्यांनी वाचली त्यांना त्या दिवशी किती सेकंद मिळाले असतील, हा विचार मनातून जात नाही. ज्या रुग्णालयात आपली माणसे जातात तिथे ढीग किती आणि डोळे किती, हे रांगेत उभ्या राहिलेल्याला वेगळे सांगायला नको.

याच स्पर्धेतली आणखी एक नोंद आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटली. २०१६ साली जिंकलेला संघ अमेरिकेतील हार्वर्ड आणि एम.आय.टी. येथील होता, वर सांगितलेली २७ थरांची यंत्रणा त्यांचीच. त्यावेळी तिचे गुण ०.९२५ होते, म्हणजे निवांत वाचणाऱ्या डॉक्टरपेक्षा कमी. पण डॉक्टरचे मत आणि यंत्राचे मत एकत्र केले तेव्हा आकडा ०.९९५ वर गेला. यंत्र चुकत होते ते वेगळ्या जागी, माणूस चुकत होता तो वेगळ्या जागी. कॅश दोघांनी मोजली की फरक सापडतो, हे प्रत्येक कॅशियरला ठाऊक आहे.

पुढे काम वाढले. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर रुग्णालयातील संशोधकांनी २०१९ मध्ये १५,१८७ रुग्णांच्या ४४,७३२ काचा यंत्राला दाखवल्या. सीमा आखून दिल्या नाहीत. फक्त एवढेच सांगितले की या काचेवर कॅन्सर आहे की नाही. कुठे आहे ते यंत्राने स्वतः शोधायचे. तेही जमले. मग सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा कामाच्या एका यंत्रणेला प्रथमच परवानगी दिली, पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या तुकड्यांसाठी. परवानगीपूर्वी १६ पॅथॉलॉजिस्टांकडून ५२७ काचांचे फोटो मदतीशिवाय आणि मदतीसह असे दोनदा वाचून घेतले होते; मदतीसह कॅन्सर सापडण्याचे प्रमाण सरासरी ७.३ टक्क्यांनी वाढले. मात्र परवानगी डॉक्टरच्या मदतनिसाची आहे. रिपोर्टवर सही यंत्राची नाही.

एवढे वाचून कोणी हुरळून जाऊ नये. यंत्राला सगळेच जमते असे नाही. २०१६ साली अँड्रयू यानोव्हचिक आणि अनंत मादाभुशी यांनी सात वेगवेगळी कामे यंत्राला देऊन पाहिली. मादाभुशी हे मुंबई विद्यापीठाचे पदवीधर, पुढे अमेरिकेत प्राध्यापक झाले. एका प्रकारच्या कॅन्सरची वर्गवारी यंत्राने शंभरात ९७ बरोबर केली. पण पेशी दुभंगताना नेमकी पकडायची, या कामात १ पैकी ०.५३ गुण. काठावर पास! त्यांनी सर्व फोटो आणि सर्व आज्ञावली जगाला फुकट खुली केली, हे मात्र मनापासून आवडले.

दुसरी अडचण रंगाची. प्रत्येक प्रयोगशाळेचा गुलाबी वेगळा. कुठे रंग ताजा, कुठे शिळा, कुठे पापुद्रा जाड. डॉक्टरचा डोळा ते सांभाळून घेतो, यंत्र गोंधळते. सगळ्या काचांचे रंग एकसारखे करून घेण्याची एक रीत २०१६ साली प्रसिद्ध झाली. ती अभिषेक वहाडणे या संशोधकाच्या नावाने जगभर ओळखली जाते. आडनाव वाचून बरे वाटले. त्याच मंडळींनी, म्हणजे गुवाहाटीच्या आय.आय.टी.तील अमित सेठी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, २०१७ मध्ये ३० फोटोंवर २१ हजारांहून अधिक पेशीकेंद्रांच्या सीमा आखून सर्वांसाठी खुल्या केल्या. सीमा आखणारे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी होते, तपासायला तज्ज्ञ पॅथॉलॉजिस्ट. यंत्र हुशार झाले म्हणतात, त्याच्या मागे अशी माउस घेऊन बसलेली मुले असतात हे विसरू नये.

तिसरी अडचण मात्र आम्हाला गंभीर वाटते. २०२१ मध्ये शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले की यंत्र काचेवरून रुग्णालयच ओळखते. परीक्षकाने अक्षर आणि शाई पाहून कोणत्या शाळेचा पेपर ते ओळखावे, आणि उत्तर न वाचता गुण द्यावेत, तसा हा प्रकार. रंग सारखे करूनही ही खूण पुरती पुसली जात नाही. आणि एखाद्या रुग्णालयात एका वंशाचे रुग्ण जास्त, दुसऱ्यात दुसऱ्या वंशाचे जास्त असतील, तर यंत्र आजार शिकल्याचा भास होतो आणि प्रत्यक्षात ते पत्ता शिकलेले असते. उपाय त्यांनीच सांगितला आहे. ज्या रुग्णालयाच्या काचांवर यंत्र शिकले, त्या रुग्णालयाच्या काचांवर त्याची परीक्षा घ्यायची नाही. परक्या रुग्णालयाच्या काचा द्यायच्या.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की उद्या आपल्याकडच्या एखाद्या रुग्णालयात असे यंत्र आले, तर टाळ्या वाजवण्यापूर्वी विचारावे: हे कोणाच्या काचांवर शिकले? आपल्याकडच्या काचांवर याची परीक्षा झाली का? नायमेगेनच्या बाईची काच चांगली वाचली याचा आम्हाला आनंद आहे. पण झोपडपट्टीतली बाई उशिरा येते, तिचा तुकडा कधी फॉर्मॅलिनमध्ये जास्त वेळ पडून राहतो, कधी कमी पडतो, तिची काच वेगळी दिसते. प्रश्न विचारायची सवय आपल्याला आहे, ती इथेही वापरावी. शिवाय स्कॅनर लाखांच्या घरात जातो आणि एका काचेची फाइल एक जीबीच्या वर जाऊ शकते. ते सांभाळायलाही पैसा लागतो आणि माणसे लागतात.

पुढच्या रविवारी हे सर्व आम्ही विहारात सांगितले. मुलगा मन लावून ऐकत होता. ५६ सेकंदांचा भागाकार त्याने स्वतः पुन्हा करून पाहिला. वहिनींनी शेवटी विचारलेच, "भाऊ, मग तवा माझी काच त्या यंत्राला दावली असती तर?"

आम्ही म्हणालो, "वहिनी, कदाचित त्या जागेवर लाल खूण आली असती आणि डॉक्टरांनी तिथे पुन्हा पाहिले असते. पण पाहायला डॉक्टरच लागले असते."

"म्हंजी त्यास्नी येळ पायजेच की," असे म्हणून त्या कप विसळायला गेल्या.

आता एक कामाची गोष्ट. ऑपरेशन किंवा बायॉप्सी झाली की रिपोर्टच्या कागदाबरोबर काचा आणि मेणाचे ठोकळेही महत्त्वाचे असतात. दुसरे मत घ्यायचे असेल तर लेखी अर्ज करून ते मागता येतात. घेताना पोच द्यावी आणि त्यावरचा नंबर रिपोर्टच्या नंबराशी जुळतो का ते तिथेच पाहावे. ठोकळा असला की नवे पापुद्रे काढून पुन्हा तपासणी करता येते, नवा तुकडा काढावा लागत नाही. काच फुटू नये म्हणून ती डबीत ठेवावी. आणि ठोकळा मेणाचा आहे, उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नये. वहिनींनी आपले ठोकळे गॅसच्या वरच्या फळीवर, बिस्किटाच्या डब्यात ठेवले होते. ते आम्ही खाली उतरवून कपाटात ठेवायला लावले. ज्यांच्या घरी अशा काचा-ठोकळे पडून आहेत आणि काय करावे कळत नाही, त्यांनी रविवारी वंदनेनंतर रिपोर्ट घेऊन यावे. अर्ज कसा लिहायचा ते आम्ही सांगू. त्या मुलाचे अक्षर चांगले आहे, लिहून तो देईल.